सिगारेटच्या पाकिटातल्या अभिनेत्री: बर्डिक संग्रह वापरून पाहिल्यावर

मी नाटकांसाठी वेशभूषा करते. १८८०च्या दशकातल्या अमेरिकी रंगभूमीवर बायका काय घालत होत्या, कसं घालत होत्या, कमरेला किती आवळत होत्या, हे शोधायचं असेल तर मी आता आधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टच्या संकेतस्थळावरचा जेफरसन बर्डिक संग्रह उघडते. त्यातली मी बघते ती चित्रं सिगारेटच्या पाकिटात घालायच्या छोट्या कार्डांवरची, सिगारेट विकण्यासाठी छापलेली. पुरुषाने पाकीट उघडावं, आत एक बाई दिसावी, आणि पुढचं पाकीटही त्याने त्याच कंपनीचं घ्यावं, एवढाच त्यांचा उद्देश. तरीही त्या काळातल्या नट्यांचे कपडे एवढ्या संख्येने आणि एवढ्या जवळून दाखवणारा दुसरा मोफत साठा मला सापडलेला नाही. म्हणून हे परीक्षण. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना उपयोग होईल, आणि नुसतं बघायला जाणाऱ्यांनाही काय बघायचं ते कळेल.

आधी सोयीचं बोलते. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. २०१७ च्या फेब्रुवारीत या संग्रहालयाने आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं कोणालाही कशासाठीही वापरायला खुली केली, त्यात ही कार्डंही आली. चित्राखालचं बटण दाबलं की मोठ्या आकाराची प्रत आपल्याकडे उतरते. मूळ कार्ड जेमतेम पावणेतीन इंच उंच आणि दीड इंच रुंद, म्हणजे तळहातावर ठेवलं तरी चारी बाजूंनी तळहात उरतो. पडद्यावर मात्र ते एवढं मोठं करता येतं, की बाहीवरची लेस कुठे संपते आणि टाका कुठे सुरू होतो ते दिसतं. हातात भिंग घेऊन अस्सल कार्ड पाहिलं असतं तरी मला यापेक्षा फार जास्त दिसलं नसतं.

संग्रह ज्यांच्यामुळे आहे त्या बर्डिक यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये ते विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काम करत. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. लोक ज्या गोष्टी फेकून देतात त्या त्यांनी जमवल्या: सिगारेटची कार्डं, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, डब्यांची वेष्टनं. तीन लाखांहून जास्त वस्तू त्यांनी संग्रहालयाला दिल्या, आणि देऊन मोकळे झाले नाहीत. वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतःच्या हातांनी त्या अल्बममध्ये चिकटवल्या. १९६३च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये ते गेले. कार्डांना क्रमांक देण्याची त्यांची पद्धत आजही जगभर चालते. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातल्यांना ‘टी’, आणि पुढे मालिकेचा आकडा. शोधताना हा आकडा माहीत असेल तर अर्धं काम होतं. ‘ॲक्ट्रेस’ एवढंच टाइप केलंत तर समुद्रात पडाल. ‘एन४५’ किंवा ‘एन१४५’ टाका, मग रांगेने कार्डं येतात.

एन४५ ही व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीची, ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’ सिगारेटची मालिका. एन१४५ नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमच्या ड्यूक कंपनीची, ‘क्रॉस कट’सारख्या छापांसाठी काढलेली. याशिवाय न्यूयॉर्कचे किनी बंधू, रॉचेस्टरची किंबॉल कंपनी आणि न्यूयॉर्कचीच गुडविन कंपनी. या पाच नावांत जवळजवळ सगळी गोष्ट येते. मऊ कागदी पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत, त्या तुकड्यावर चित्र छापायचं सुचलं आणि कार्ड जन्माला आलं. त्याच सुमाराला बॉन्सॅक यांचं सिगारेट वळणारं यंत्र आलं. ड्यूक कंपनीने ते १८८४ मध्ये नीट चालवून दाखवलं. दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी! एवढा माल खपवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर म्हणून बायकांची चित्रं पाकिटात गेली. पानामागून पान तेच तेच का येतं असं वाटलं, तर त्यामागे हा कारखान्याचा वेग आहे हे लक्षात ठेवा.

आता माझ्या कामाच्या गोष्टी.

तपकिरी फोटोंची कार्डं आणि रंगीत छपाईची कार्डं वेगवेगळी वाचावी लागतात. तपकिरी म्हणजे अल्ब्युमेन छायाचित्रं, अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढलेली आणि मग पुठ्ठ्यावर चिकटवलेली. त्यांवरून कपड्याचा काप, शिवण, कापडाचा भार कळतो. रंग कळत नाही, आणि इथे फसायला होतं. त्या काळातल्या साध्या छायाचित्रण-प्लेटांना निळा प्रकाश फार लवकर लागे, लाल आणि पिवळा फारच कमी. त्यामुळे निळं कापड फोटोत फिकट, जवळजवळ पांढरं येतं आणि लालभडक रेशीम काळं दिसतं. कार्डावरची ‘काळ्या वेषातली बाई’ रंगमंचावर लाल पोशाखात उभी असू शकते. कपडे शिवणाऱ्याने फोटोवरून रंग ठरवूच नये. नोंदीत ‘अल्ब्युमेन छायाचित्र’ असं माध्यम स्पष्ट दिलेलं असतं, ते न वाचता पुढे जाऊ नका.

या फोटोंत सगळ्यात जास्त दिसतात ते टाइट्स. बाहेर, रस्त्यावर, तोच काळ बस्टलचा होता. स्कर्टच्या मागे उंचवटा, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. आणि कार्डावर पायांचा पूर्ण आकार दाखवणारी नटी. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन आपली इंग्रज मंडळी घेऊन न्यूयॉर्कला आली, तेव्हापासून बर्लेस्कमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या विडंबन-नाटकांत, बायकांनी पुरुषपात्रं करणं आणि त्यासाठी अंगाबरोबरची विजार घालणं अमेरिकेत रुळलं. कार्डवाल्यांनी त्यातली नेमकी ती विजार उचलली. फोटो मोठा करून गुडघ्याकडे पाहा, बऱ्याच ठिकाणी टाइट्सला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. तेव्हा पायाला हवा तसा आकार यावा म्हणून आतून भर घातलेले टाइट्सही रंगभूमीवर सर्रास वापरत. ताणून बसणारं आजचं कापड तेव्हा नव्हतं. रेशीम किंवा लोकर विणून केलेला तो कपडा दर प्रयोगाला नीट ओढून बसवावा लागे. म्हणून ही चित्रं मला कामाला लागतात. गिऱ्हाइकाला पाय दिसावेत म्हणून काढलेल्या फोटोत मला ते पाय दाखवण्यासाठी नटीने, तिच्या शिंपिणीने आणि कपडेवालीने काय खटपट केली ते दिसतं.

रंगीत कार्डं शिलामुद्रणाची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छापे. ॲलन अँड गिंटरची बरीचशी न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लाउस या छापखान्यात झाली. छपाई म्हणून ती अप्रतिम आहेत. १८८८ची ‘पॅरासोल ड्रिल’ आणि १८८९ची ‘फॅन्स ऑफ द पीरियड’ या दोन मालिका मी परत परत बघते. एकीत छत्र्या, दुसरीत पंखे. पंखा, छत्री धरताना बोटं कशी ठेवायची, मान कुठे वळवायची, हे नटीला समजावून सांगायला ती चित्रं दाखवली की पुरतं. पण कपड्यांचा पुरावा म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. चित्रकाराने चेहरा एकच घेतला आहे आणि छत्री बदलली आहे, असं वाटायला लागतं. ‘वर्ल्ड्स ब्यूटीज’ या १८८८च्या मालिकेत तर देशोदेशीच्या सुंदऱ्या म्हणून जे दाखवलंय, त्यात डोक्यावरचं बदलतं, चेहऱ्याची घडण तीच राहते. किंबॉलच्या ‘डान्सिंग गर्ल्स ऑफ द वर्ल्ड’चंही तेच. कोण्या देशाचा पोशाख म्हणून ती चित्रं कोणी संदर्भाला वापरू नयेत, असं मी स्पष्ट सांगेन. अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्याला त्या देशाची बाई कशी असेल असं वाटत होतं, एवढंच त्यांतून कळतं.

मला या संग्रहात सगळ्यात जास्त गुंतवतं ते नाव.

काही कार्डांवर नटीचं नाव छापलेलं आहे, काहींवर नाही. नोंदीही त्याप्रमाणेच दोन तऱ्हांच्या आहेत. ड्यूकच्या एन१४५ मधल्या नोंदीत कार्डाचा क्रमांक, नटीचं नाव, मग मालिका अशी ओळ येते: लिलियन रसेल, अमुक मालिका, क्रॉस कट सिगारेट. नाव मिळालं की दार उघडतं. रसेल कोणत्या संगीतिकांत होती, कधी कोणत्या थिएटरात होती, हे दुसरीकडे शोधता येतं आणि मग कार्डावरचा पोशाख एका विशिष्ट भूमिकेचा ठरतो. तोच पोशाख कोणी शिवला, कशासाठी शिवला, हे विचारता येतं. सारा बर्नहार्ट, लिली लँगट्री, फॅनी डेव्हनपोर्ट यांची नावं तशीच शोधायला घ्या. आपण त्या बाईला कामावर असलेली बाई म्हणून बघायला लागतो.

नाव नसेल तर नोंद ‘अभिनेते-अभिनेत्री मालिकेतून, व्हर्जिनिया ब्राइट्स सिगारेटसाठी’ एवढ्यावर थांबते. एन४५ मध्ये अशा नोंदी ढिगाने आहेत. पान खाली सरकवत गेलं की तेच शीर्षक पुन्हा पुन्हा, फक्त चेहरा वेगळा. नोंद करणाऱ्यांनी यात काही लपवलेलं नाही, कार्डावर जे नाही ते त्यांनी तर्काने भरलेलं नाही आणि हे मला फार बरं वाटतं. कंपनीला त्या नावाची गरज वाटली नाही, ही गोष्ट त्या कोऱ्या शीर्षकातच शाबूत राहिली आहे.

याचं सगळ्यात झोंबणारं उदाहरण म्हणजे एन४८, बेसबॉल खेळणाऱ्या मुलींची मालिका, १८८६ची. स्टुडिओत बॅट घेऊन उभ्या केलेल्या तरुणी. खऱ्या खेळाडू नव्हेत, मॉडेल. कार्डावर मैदानातली जागा छापलेली असते, त्या मुलीचं नाव नसतं. गुडविनच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या कार्डांवरचे पुरुष खेळाडूही स्टुडिओतच उभे आहेत, त्यांच्या फोटोत चेंडू दोऱ्याने टांगलेला सरळ दिसतो, पण त्यांच्याखाली खेळाडूचं नाव आहे, संघाचं नाव आहे. दोन्ही मालिका शेजारी उघडून बघा. वासार कॉलेजातल्या मुली १८६६ पासून खरोखर बेसबॉल खेळत होत्या, म्हणजे खेळणाऱ्या बायका अमेरिकेत नव्हत्या असं नाही. पाकिटात घालायला मात्र खेळाचं सोंग पुरेसं होतं.

उलट बाजूने ॲनी ओकली ही नेमबाज बघा. ॲलन अँड गिंटरच्या १८८७च्या ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’, म्हणजे एन२८ या पन्नास कार्डांच्या मालिकेत बफेलो बिलसारख्या नेमबाजांच्या बरोबरीने ती आहे. नाव आहे, कशात निपुण तेही आहे. ओकली आपले रंगमंचावरचे कपडे स्वतः शिवायची. संग्रहातलं माझं सगळ्यात आवडतं कार्ड कोणतं असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवेन.

या चित्रांसाठी नट्यांना विचारलं होतं का? एक उदाहरण विचारल्याचं सांगितलं जातं. १८८४च्या सुमाराला ड्यूकचा विक्रेता एडवर्ड स्मॉल याने अटलांटात दौऱ्यावर आलेल्या मादाम रेआ या फ्रेंच नटीची परवानगी घेऊन तिच्या हातात ड्यूकची सिगारेट असलेलं मोठं चित्र लावलं. पण विचारायला भाग पाडेल असा कायदा तेव्हा नव्हताच. छायाचित्रकाराचा हक्क मात्र होता. नेपोलियन सॅरोनी या न्यूयॉर्कच्या नामांकित छायाचित्रकाराने सर्वोच्च न्यायालयातून १८८४ मध्ये तो मिळवला. फोटो काढणाऱ्याची मालकी मान्य झाली, फोटोतल्या व्यक्तीची नाही. १८९० मध्ये मॅरियन मॅनोला या गायिकेचा टाइट्समधला फोटो प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातून चोरून काढला, तेव्हा ती न्यायालयात गेली आणि तो फोटो वापरण्यावर मनाई मिळवली. टाइट्स घालून गाणं तिला मान्य होतं. त्या वेषातला फोटो बाजारात फिरणं तिला मान्य नव्हतं. हा फरक मला या सगळ्या कार्डांची किल्ली वाटतो. पुढे ॲबिगेल रॉबर्सन या तरुणीचं चित्र न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापलं, १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला, लोक खवळले आणि १९०३ मध्ये राज्याने कायदाच केला, की जाहिरातीत कोणाचं चित्र वापरायचं तर लेखी संमती हवी. आपण ज्या कार्डांबद्दल बोलतोय ती या कायद्याच्या आधीची. संग्रहातल्या नोंदींत यातलं काही मिळणार नाही, हे बाहेरून वाचून मग कार्डं बघायला बसावं.

दुसऱ्या बायका कार्डांवर कधीच आल्या नाहीत. यंत्र येण्याआधी ॲलन अँड गिंटरच्या रिचमंडच्या कारखान्यात शेकडो तरुण मुली हाताने सिगारेटी वळत. पाकिटात नटीचं चित्र आणि त्याच पाकिटातली सिगारेट वळणारी मुलगी, दोघी बायकाच. ड्यूकच्या कार्डांबद्दल आक्षेप घरातूनही आला होता. १८९४ मध्ये वॉशिंग्टन ड्यूक यांनी आपल्या मुलाला, कंपनी चालवणाऱ्या जेम्सला, पत्र लिहिलं की हे असले फोटो पाकिटात घालणं तरुणांवर वाईट परिणाम करतं आणि ते थांबवावं. शिवाय सिगारेटविरोधी कायदे करू पाहणाऱ्यांच्या हातात त्यामुळे आयतं कोलीत मिळेल, अशीही भीती त्यांनी घातली. त्या पत्रात काळजी आहे ती चित्र बघणाऱ्या मुलामुलींची आणि धंद्याची. चित्रातल्या बायकांचा विचार त्यात नाही. आणि तोवर पाचही कंपन्या १८९० मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी या एकाच छत्राखाली आल्या होत्या. चढाओढ संपली तशी कार्डांची गरजही कमी झाली.

उणिवा सांगायच्या तर पहिली मागच्या बाजूची. बर्डिक यांनी कार्डं अल्बममध्ये चिकटवल्यामुळे अनेक नोंदींत फक्त दर्शनी बाजू बघायला मिळते. मागे मालिकेची यादी, कंपनीची जाहिरात असं बरंच काही छापलेलं असे, आणि ज्याला जाहिरातीचा अभ्यास करायचाय त्याला ते लागतंच. त्यासाठी ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १८५० ते १९२० या काळातल्या अमेरिकी जाहिरातींचा ऑनलाइन संग्रह आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला जॉर्ज अरेंट्स यांचा तंबाखूविषयक संग्रह जोडीला घ्यावा. दुसरी उणीव वर्णनाची. पोशाखाचं वर्णन नोंदीत नसतं, ‘टोपी’, ‘पंखा’ अशा शब्दांनी शोधून हाती थोडंच लागतं. डोळ्यांनी चाळावं लागतं, त्याला वेळ लागतो.

विकत मिळणाऱ्या पुनर्मुद्रित संचांच्या वाटेला मात्र जाऊ नका. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असा संच मागवला होता. तपकिरी फोटोंवर गुलाबी रंग चढवलेला, कडा कापून टाकलेल्या, आणि त्या कापताना नटीचं नाव आणि कंपनीचं नाव दोन्ही उडालेलं. उरली ती नुसती ‘जुन्या काळातली सुंदरी’. कंपनीने नाव छापलं होतं, विक्रेत्याने तेही काढलं. हीच कार्डं संग्रहालयाच्या पानावरून मोफत, कडांसकट, नावासकट मिळतात, तर पैसे देऊन अर्धवट वस्तू कशाला घ्यायची?

उतरवून घेताना फाइलच्या नावात बर्डिक यांचा मालिका-क्रमांक आणि संग्रहालयाचा नोंदक्रमांक, तो ६३.३५० ने सुरू होतो, दोन्ही लिहून ठेवा. नटीचं नाव असेल तर ते सगळ्यात आधी. छापून भिंतीवर लावायचं असेल तर एक प्रत मूळ मापात छापून शेजारी ठेवा. शिवणकाम करणाऱ्यांना केवढ्याशा चित्रातून आपण हे काढतोय ते समजतं, आणि मोठ्या प्रतीवर दिसणारी प्रत्येक रेघ शिवणच असेल असं ते धरून चालत नाहीत. काही रेघा कागदाच्या घड्या असतात.